आभाळ कोणाकडचे पाहावे?

आमच्या आणे पठारावर पाऊस पाहुण्यासारखा येतो. कधी येतो, कधी नुसताच निरोप धाडतो आणि येतच नाही. पठारावरच्या माणसाला पावसाची भीती वाटते ती तो न येण्याची. जास्त पाऊस पडून कुणाची अडचण झाली, असे मी लहानपणी कधी ऐकले नाही. याच कल्याण–नगर रस्त्याने पश्चिमेला साठेक किलोमीटर गेले की माळशेज घाट लागतो. तिथे जुलै महिन्यात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. तालुका एकच जुन्नर, तहसीलदार एकच, आभाळ मात्र दोन! हा प्रतिरोध पर्जन्य आणि ही पर्जन्यछाया मला दहावीपासून पाठ होती, आकृतीसह उत्तर लिहून मी तिचे पूर्ण गुणही मिळवले होते. परंतु ती कळली मात्र प्रथम वर्षाला असताना, एका ओढ्याच्या काठी, संध्याकाळी पाच वाजता, थंडीने दात वाजत असताना.

झाले असे की, गेल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आम्ही नऊ जणांनी हरिश्चंद्रगडावर एका दिवसात जाऊन येण्याचा बेत केला. त्यात आम्ही चौघी मुली. वाट ठरली खिरेश्वरची. माळशेजच्या अलीकडे खुबी फाट्याला उतरायचे, पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वर गाठायचे, तिथून जंगलातून तोलार खिंड, खिंडीतून कातळ चढून पठारावर आणि मग टेकड्या ओलांडीत हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापर्यंत. कामांची वाटणी झाली. कुणी भाकरी आणायच्या, कुणी दोर, कुणी औषधे. 'हवामान बघायचे' काम माझ्याकडे आले. घरात कॉलेजात जाणारी मी पहिली आणि डोंगरावर 'फिरायला' जाणारीही पहिलीच. "लाकडं नाहीत, गुरं नाहीत, मग वर काय काम?" असे आमचे दादा (म्हणजे वडील) म्हणाले होते. त्यामुळे सोपवलेले काम चोख करायचे असा माझा निश्चय होता. आदल्या रात्री मी मोबाईलवर 'जुन्नर' असे लिहिले. ढगाआड अर्धा सूर्य आणि शेजारी चाळीस टक्के असा आकडा आला. अंगणात येऊन वर पाहिले, चांदण्या होत्या. मी सर्वांना कळवले : हवा चांगली आहे.

ओतूरला ऊन होते. मढच्या पुढे भुरभुर लागली. खुबी फाट्यावर उतरलो तेव्हा समोरचा गड तर सोडाच, धरणाची भिंतही अर्धीच दिसत होती. निघायला साडेआठ वाजले. तोलार खिंडीच्या अलीकडे गुरे घेऊन निघालेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी विचारले, "कुठवर?" आम्ही गडाचे नाव सांगितले. बाबा म्हणाले, "वरलं पानी अजून खाली यायचंय." आम्हाला त्याचा अर्थ लागला नाही. पाणी तर तेव्हा घोट्याएवढेच होते आणि आम्ही ते हसत-खेळत ओलांडले होते. खिंडीतला कातळ कठड्यांना धरून चढलो, पठारावर पोचलो आणि धुक्यात दहा पावलांवरचा माणूस दिसेना. एक वाजता परत फिरलो. तीनच्या सुमारास सकाळच्याच त्या ओढ्यापाशी आलो, तर तो ओढा नव्हताच. मातकट, तांबडे पाणी, त्यात फांद्या, आणि तळाशी दगड गडगडल्याचा आवाज. जिथे सकाळी बूट भिजू नयेत म्हणून उड्या मारल्या होत्या तिथे मांडीभर पाणी धावत होते.

आम्ही पावणेसहापर्यंत तिथे बसून होतो. आमच्यातली एक मुलगी इतकी कुडकुडू लागली की तिला बोलता येईना. ऑगस्ट महिन्यात, महाराष्ट्रात, थंडीने माणूस असा होऊ शकतो हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हते. शेवटी पाऊस मंदावला, पाणी उतरले आणि गावातले दोघे जण पलीकडे आले. त्यांनी वरच्या अंगाला एक रुंद, उथळ जागा दाखवली. तिथून आम्ही हात धरून आलो. घरी पोचायला साडेदहा वाजले. कुणाला खरचटलेही नाही, म्हणून मुलांच्या दृष्टीने तो एक किस्सा झाला. आमच्यापैकी दोघी मुलींना मात्र त्यानंतर कुठेही पाठवले गेले नाही. त्यातल्या एकीला तर वर्गाबरोबर एक संग्रहालय पाहायला जायचीही परवानगी मिळाली नाही. संग्रहालयात ओढा नसतो हे तिच्या वडिलांना कोण सांगणार? माझा 'चाळीस टक्के' असा महागात पडला. तेव्हापासून मी या विषयाचा नाद घेतला. भूगोलाच्या मॅडमना विचारून, हवामान खात्याची पत्रके वाचून आणि खिरेश्वरच्या माणसांशी बोलून जे समजले ते इथे मांडते.

पहिली चूक उघड आहे. मी जुन्नरचे आभाळ पाहिले. जायचे होते हरिश्चंद्रगडावर. गडाची उंची १४२४ मीटर, म्हणजे जुन्नर गावाच्या साधारण दुप्पट. अरबी समुद्रावरून येणारे वारे कोकण ओलांडून सह्याद्रीच्या भिंतीवर आपटतात, वर चढतात, चढताना थंड होतात आणि त्यांच्यातल्या बाष्पाचे पाणी होते. भिंत ओलांडून ते पूर्वेकडे उतरले की पुन्हा तापतात आणि कोरडे होतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तिथून तीसेक किलोमीटरवरच्या वाईला त्याचा पाचवा हिस्साही पडत नाही. जे महाबळेश्वर-वाईचे तेच माळशेज आणि आणे पठाराचे. म्हणून 'पुणे जिल्ह्यात हलका ते मध्यम पाऊस' या वाक्यावर डोंगरात जाणाऱ्याने विसंबू नये. पुणे जिल्ह्यात माळशेज आहे तसे इंदापूरही आहे. सुदैवाने हवामान खाते आता जिल्ह्याच्या इशाऱ्यात पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिक यांचे घाटमाथे वेगळे दाखवते. पुणे पिवळा आणि पुणे घाट तांबडा, असेही दिवस असतात. आपण वाचायची ती घाटाची ओळ.

मोबाईलवरच्या त्या ढग-सूर्याच्या चित्राविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण आपणां सर्वांचा विश्वास त्याच्यावरच असतो. संगणक पृथ्वीवर चौकोनांचे जाळे टाकतो आणि प्रत्येक चौकोनासाठी एक अंदाज काढतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत तयार झालेली आणि मे २०२५ मध्ये देशाला मिळालेली नवी 'भारत' प्रणाली सहा किलोमीटरचे चौकोन धरते, आणि हे चांगले बारीक जाळे समजले जाते. तरीही सहा किलोमीटरच्या चौकोनात खिरेश्वरची भातखाचरे, तोलार खिंड आणि गडाचा बराचसा भाग एकत्रच सापडतो. संगणकाच्या हिशेबी तिथे कडा नसतो, एक मध्यम उंचीचा उतार असतो. शिवाय 'चाळीस टक्के' म्हणजे चाळीस टक्के दिवसभर पाऊस नव्हे, की थोडका पाऊसही नव्हे. ती पाऊस पडण्याची शक्यता झाली. पडला तर किती पडेल, याबद्दल तो आकडा मौन पाळतो.

सरकारी पत्रकाची भाषा त्या मानाने प्रामाणिक आहे, फक्त ती शिकून घ्यावी लागते. 'तुरळक ठिकाणी मुसळधार' हे शब्द वाचून मला पूर्वी वाटे, तुरळक म्हणजे थोडासा पाऊस. तसे नाही. तुरळक, काही, बऱ्याच, बहुतांश ही ठिकाणांची मोजणी आहे. एखाद्या विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस झाला तर ते 'तुरळक', अर्ध्यापर्यंत 'काही', पाऊणपर्यंत 'बऱ्याच' आणि त्यापुढे 'बहुतांश'. पाऊस किती, हे दुसऱ्या शब्दाने कळते. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे 'मुसळधार', ११५.६ ते २०४.४ म्हणजे 'अति मुसळधार' आणि त्याहूनही जास्त म्हणजे 'अत्यंत मुसळधार'. तेव्हा 'घाटमाथ्यावर तुरळक ठिकाणी अति मुसळधार' याचा अर्थ असा की, कुठेतरी एका डोंगरावर भयंकर पाऊस पडणार आहे आणि तो कोणता डोंगर हे कुणालाच सांगता येत नाही. तो आपलाच नसेल अशी समजूत करून घेणे ही माणसाची जुनी सवय आहे.

मिलिमीटर हे एकक फार लहान वाटते, हीही एक अडचण. शंभर मिलिमीटर म्हणजे चार बोटांपेक्षा जरा जास्त पाणी, त्याने काय होणार? मी तो हिशेब आमच्या गावच्या मापाने करून पाहिला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एका हेक्टरवर शंभर मिलिमीटर पडला तर दहा लाख लिटर. उन्हाळ्यात आमच्याकडे दहा हजार लिटरचा टँकर येतो आणि त्याच्या मागे अख्खे गाव हंडे घेऊन धावते. तसले शंभर टँकर एका हेक्टरावर! डोंगरातल्या लहानशा ओढ्यामागेही शंभरेक हेक्टरांचा उतार सहज असतो. म्हणजे दिवसाला दहा हजार टँकर, आणि ते सारे एकाच चिंचोळ्या वाटेने खाली यायचे. खाली काळा कातळ, त्यावर वीतभर माती. जुलैपर्यंत ती माती पिऊन तृप्त झालेली असते, मग पडेल तो थेंब सरळ ओढ्याला. त्या बाबांचे 'वरलं पानी' म्हणजे हेच. पठारावर अकरा वाजता पडलेला पाऊस ओढ्यापर्यंत येईतो आम्ही वर चढत होतो, पुढे तो वाढत गेला आणि आम्ही उतरून येईपर्यंत ओढा भरला होता. आम्ही फक्त आमच्या डोक्यावरचा पाऊस मोजत राहिलो.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, ते दृश्य बहुतेकांनी पाहिले असेल. माणसे पाण्यात उतरतात तेव्हा पाणी साधे असते, आणि काही मिनिटांत ते वेगळेच होते. पाणी वाढू लागण्याची काही लक्षणे मला खिरेश्वरला सांगण्यात आली. स्वच्छ पाणी गढूळ होते, पाला-काड्या वाहून येऊ लागतात, आवाज बदलतो. यातले एक जरी दिसले तरी काठ सोडून वर यावे. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो, म्हणून गुडघ्याएवढे वेगाचे पाणीही धडधाकट माणसाला पाडते. तथापि डोंगरातले ओढे चढतात तसे उतरतातही लवकर. पाऊस थांबला तर दोन-तीन तासांत पुष्कळदा वाट मिळते. आम्ही घाईने पाण्यात पाय घातला नाही, त्या दिवशी आम्ही केलेली शहाणपणाची गोष्ट बहुधा एवढीच.

तेव्हा उद्याचा अंदाज जितका महत्त्वाचा तितकाच कालचा आणि परवाचा पाऊसही. तो वर्तमानपत्रात येतो, खात्याच्या संकेतस्थळावरही असतो. फक्त एक लक्षात ठेवायचे की, हवामान खात्याचा दिवस मध्यरात्री सुरू होत नाही, सकाळी साडेआठला होतो. रविवारच्या नावावर छापलेला पाऊस हा शनिवारी सकाळी साडेआठपासून रविवारी सकाळी साडेआठपर्यंतचा असतो. चार-पाच दिवस सलग मोठे आकडे दिसत असतील, तर रविवारी ऊन पडले तरी डोंगर पाण्याने भरलेलाच आहे असे समजावे. दरडींचेही तेच. आमच्या शेजारच्या आंबेगाव तालुक्यातले माळीण ३० जुलै २०१४ रोजी गेले, महाडजवळचे तळिये २२ जुलै २०२१ रोजी आणि इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री. तिन्ही वेळा महिना जुलै, आणि तोही उत्तरार्ध. तोवर दीड महिन्याचा पाऊस डोंगराच्या पोटात मुरलेला असतो, त्यावर दोन-तीन दिवसांची झड बसते आणि उतार सुटतो. ती माणसे तिथे राहत होती, त्यांना जाण्या-न जाण्याची निवड नव्हती. आपल्याला ती असते.

आता वाटेविषयी. हवामान आकाशातून कळते, वाट मात्र फक्त माणसाकडून कळते. पायथ्याच्या गावात ओळख काढून आदल्या दिवशी संध्याकाळी आणि निघायच्या सकाळी असे दोन फोन करणे, याला दुसरा कोणताही पर्याय मला आढळलेला नाही. पण फोनवर काय विचारावे, याचेही एक तंत्र आहे. "मामा, उद्या येता येईल का?" असे विचारले तर उत्तर ठरलेले : "या की!" त्यात खोटेपणा नसतो. एक तर पाहुण्याला नको म्हणण्याची आपल्याकडे रीत नाही. दुसरे, गडावर येणाऱ्यांच्या चहा-भाकरीवर पावसाळ्यात त्या घरांचे चार पैसे अवलंबून असतात. आणि तिसरे म्हणजे मामांना स्वतःला त्या वाटेने केव्हाही जाता येते, त्यांच्या दृष्टीने ते खरेच आहे. म्हणून मापाचे प्रश्न विचारावेत. ओढ्याला पाणी घोट्याला आहे, गुडघ्याला आहे की मांडीला? सकाळचे किती आणि दुपारचे किती? काल-परवा वर कुणी गेले होते का, आणि ते कोणत्या वाटेने उतरले? खिंडीतल्या कातळावर शेवाळ धरले आहे का, कठडे जागेवर आहेत का? कुठे दरड किंवा झाड आडवे आले आहे का? समोरचा गड दिसतो आहे का, की चार दिवस धुक्यातच आहे? या प्रश्नांना "या की" असे उत्तर देता येत नाही. आमच्या मामांनी एकदा जे सांगितले ते मी वहीत जसेच्या तसे लिहून ठेवले आहे : "सकाळचं गुडघ्याला हाय. दुपारचं मला इचारू नका, पोरी. ते मला नाय, देवाला म्हाईत." हवामान खात्याच्या कोणत्याही पत्रकाइतके हे उत्तर नेमके आहे असे माझे मत झाले आहे.

याच फोनमध्ये बंदीचीही चौकशी उरकावी. पावसाळ्यात जिल्हाधिकारी धबधबे, धरणे, काही गड यांवर काही दिवसांपुरते मनाईहुकूम काढतात. पूर्वी ते कलम १४४ खाली निघत, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. वनखातेही काही वाटा बंद ठेवते. हे हुकूम सरसकट असतात, चांगल्या दिवशीही लागू राहतात, याचा रागही येतो. आमच्यातले काही जण "मागच्या वाटेने जाऊ" असे सुचवतात. पण मागच्या वाटेवर गुराखीही नसतो आणि फोनही लागत नाही, एवढे सांगून मी हा विषय सोडते.

धुक्याचा मात्र जरा विचार केला पाहिजे, कारण हरिश्चंद्रगडावर पाण्याइतकीच माणसे धुक्याने अडकतात. तोलार खिंडीच्या वर गेल्यावर पठारावर टेकड्या एकामागून एक येतात आणि सगळ्या सारख्याच दिसतात. गुरांनी पाडलेल्या ढोरवाटा माणसांच्या वाटेहून ठळक असतात, पण ढोरवाट देवळाकडे जात नाही, गवताकडे जाते. ढग डोंगरावर टेकणार की नाही, हे मोबाईलवरून कळणे कठीण. पायथ्याला उभे राहून मात्र ते सहज कळते. सकाळी नऊला खिंड दिसत नसेल, तर अकरालाही पठार दिसणार नाही असे धरून चालावे. वाटेत कुणा हौशी माणसांनी दगडांवर बाण रंगवलेले असतात. एक बाण दिसल्यावर पुढचा दिसत नसेल, तर पुढे न जाता मागच्या बाणावर परत यावे. कोकणकडा धुक्यात पाहायला जाण्याइतका दुसरा व्यर्थ उद्योग नाही. समोर पांढरे, खाली पांढरे, आणि कडा नेमका कुठे संपतो हेही पांढरेच.

थंडीचे गणित सोपे आहे. हजार मीटर उंचीला साधारण साडेसहा अंश उष्णता कमी होते. जुन्नर आणि गड यांत त्यामुळे चार-पाच अंशांचाच फरक. मग आमची मैत्रीण इतकी का कुडकुडली? कारण ओले कपडे आणि वारा. भिजलेल्या कपड्यातून वारा अंगातली ऊब ओढून काढतो, त्यात पोट रिकामे आणि बसून राहावे लागलेले. म्हणून अंदाजात वाऱ्याचा वेगही पाहावा, तो आकडा कुणी पाहत नाही. आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कोरडा सदरा, तो कितीही मोह झाला तरी शेवटच्या तासापर्यंत न घालता ठेवावा.

पावसाळ्याबाहेरचे ऋतू त्या मानाने सरळ आहेत, तरी त्यांचेही एकेक प्रश्न असतात. हस्ताचा पाऊस आमच्या आजीच्या भाषेत 'हत्तीचा', तो गर्जत येतो. सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरात सकाळ लख्ख असते आणि दुपारी तीननंतर विजा. त्या दिवसांत दुपारच्या आत उघडा माथा सोडलेला बरा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तिनाने भागले की किलोमीटर मिळतात. तीस सेकंदांहून कमी आले तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, तेव्हा कडा, एकटे झाड, लोखंडी कठडे यांपासून दूर व्हावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे. पुण्याच्याच संस्थेचे 'दामिनी' हे विजेचा इशारा देणारे साधन मोबाईलवर मिळते, परंतु डोंगरात त्याला संपर्क मिळाला पाहिजे ना! दिवाळीनंतर गवत छातीभर वाढून वाट झाकते. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, हे उन्हाळ्यात गेलेल्याला आठवत नाही. फेब्रुवारीपासून गवत वाळून पायाखाली घसारा होतो आणि वणवे लागतात. एप्रिल-मेमध्ये एकच प्रश्न, टाक्यात पाणी आहे का आणि ते पिण्यासारखे आहे का. तो आम्हा पठारावरच्यांना कुणी शिकवायला नको.

या सर्वांतून मी जी पद्धत बसवली तिच्यात वेळेला फार महत्त्व आहे. पूर्वी आम्ही निघण्याची वेळ ठरवीत असू, आता परतण्याची ठरवतो आणि तिथून उलटे मोजतो. खिरेश्वरहून गडावर जाऊन यायला आमच्यासारख्यांना नऊ तास लागतात. अंधार पडण्याआधी दोन तास ओढा ओलांडलेला असला पाहिजे. म्हणजे ऑगस्टात पाच वाजता ओढा, त्यासाठी साडेबारा वाजता, जिथे असू तिथून, परत. देऊळ समोर दिसत असले तरी. हा नियम घरी लिहून ठेवतो : कोणत्या वाटेने, कोण कोण, कितीला परत, पायथ्याला कुणाचा फोन, आणि अमुक वाजेपर्यंत कळले नाही तर ११२ ला कळवा. ही चिठ्ठी मुलांच्या घरी कुणी मागत नाही. आमच्या घरी ती तव्याच्या खुंटीला अडकवलेली असते.

या वर्षी जुलैत आम्ही पुन्हा बेत केला होता. शनिवारी घाटाची ओळ नारिंगी होती, आधीचे तीन दिवस मोठे आकडे होते, आणि मामांनी 'मांडीला' असे सांगितले. मी 'रद्द' असे कळवले. त्यावर जे ऐकावे लागले ते ऐकले. रविवारी सकाळी आमच्याकडे इतके सुंदर ऊन पडले की दोघा-तिघांनी मला त्या उन्हाचे फोटो पाठवले. माझ्याकडे उत्तर नव्हते. संध्याकाळी मामांना विचारले तर ते म्हणाले, दुपारी दोननंतर खालच्या वाडीची माणसेही ओढ्यापलीकडे गेली नाहीत. हे मी सर्वांना कळवले. फोटो पाठवणाऱ्यांपैकी एकाने नुसता अंगठा पाठवला. रद्द केलेल्या दिवसाचा पुरावा कधीच मिळत नाही, ही या कामातली खरी अडचण आहे. तो दिवस आम्ही गेलो असतो तर कदाचित काहीच झाले नसते, हेही शक्य आहे. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात 'घोट्याला' असे उत्तर आले, तेव्हा गेलो. पठारावर सोनकी फुलली होती आणि कोकणकड्यावरून खालचे कोकण स्पष्ट दिसत होते. साडेबाराला मी घड्याळ दाखवले तेव्हा कुणी वाद घातला नाही. निदान मोठ्याने घातला नाही.

जानेवारीत तिसरी खेप ठरली. त्या वेळी कुडकुडलेली मैत्रीण दीड वर्षाने पहिल्यांदाच येणार होती, अर्थात घरून होकार मिळाला तर. तिच्या वडिलांनी माझ्याकडे चिठ्ठी मागितली नाही, की हवामानाचे पत्रक मागितले नाही. त्यांनी खिरेश्वरच्या मामांचा नंबर मागितला आणि ओसरीवर बसून स्वतः फोन लावला. ओढा त्या दिवसांत जवळजवळ कोरडा असतो, हे मी त्यांना आधीच सांगितले होते. दोघे पंधरा-वीस मिनिटे बोलत होते. ओढ्याचे बोलणे दोन मिनिटांत संपले, बाकीचे सगळे कांद्याच्या भावाचे होते. फोन ठेवून ते आत वळून म्हणाले, "अगं, हिला दोन भाकरी जास्त बांध. त्या माणसाकडं द्यायच्यात."